म्युझियम आणि फोटोंचं प्रदर्शन एकाच दिवशी: बघायचं कसं, लिहायचं काय

तुझा प्रश्न मला असा समजला. तू पेंटिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, कॉलेजकडून एका दिवसात म्युझियम आणि तिथंच लागलेलं फोटोंचं प्रदर्शन बघून यायचंय, मग चार पानी रिपोर्ट द्यायचाय. मागच्या वेळी असाच गेला होतास तेव्हा चार तास फिरलास, तीनशे फोटो काढलेस आणि घरी येऊन लिहायला बसलास तर एक ओळ सुचेना. शेवटी तू लिहिलंयस की बहुतेक मला कला बघताच येत नाही, आणि फोटोंमध्ये तर बघायचं काय, ते तर सगळं दिसतंच. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

मी चित्रकार आहे, २० वर्षांहून जास्त काळ ड्रॉइंग शिकवते आणि दरवर्षी मुलांना घेऊन म्युझियमला जाते. हीच तक्रार करणारी मुलं दरवर्षी भेटतात आणि त्यातल्या एकालाही बघता येत नव्हतं असं मला कधी आढळलं नाही. तुझी अडचण अशी आहे की तू सगळं संपवायला गेला होतास. चार तास भागिले तीनशे म्हणजे चालणं, पाणी पिणं, जिने चढणं धरून एका वस्तूच्या वाट्याला ४८ सेकंद येतात, त्यातला अर्धा वेळ मोबाइल सरळ धरण्यात गेला असणार. तू एकटाच असं करतोस असंही नाही, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये लोक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात ते मोजलं होतं, तो अभ्यास २००१ मध्ये छापून आला, सरासरी निघाली साधारण २७ सेकंद.

आणि फोटो काढून ठेवले की नंतर निवांत बघू, हा जो आपला हिशोब असतो तो चुकतो. लिंडा हेंकेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एका म्युझियममध्ये फिरवलं, काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या, काहींचे फोटो काढायला सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू आणि त्यांचे बारकावे मुलांना कमी आठवत होते (२०१४ साली हे प्रसिद्ध झालं). पण त्यातच एक गंमतीची गोष्ट निघाली, ज्यांनी झूम करून वस्तूच्या एखाद्याच भागाचा फोटो काढला त्यांची आठवण अशी घसरली नाही. म्हणजे काय तर नेमका कुठला भाग घ्यायचा हे ठरवायला लागलं की डोकं कामाला लागतं. पेन्सिल हेच काम करायला लावते, प्रत्येक रेषेला.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत त्या आधी सांगते. म्युझियम केवढं आहे, प्रदर्शन एकाच फोटोग्राफरचं आहे की विषय घेऊन अनेकांचं, आत बसून स्केच करू देतात का, तुम्ही सरांबरोबर गटाने जाताय की आपापले, यावर बरंच बदलतं. गटाने असाल तर सुरुवातीचा तासभर गटाबरोबर रहा आणि मग सरांना विचारून सुटा हो. स्केचला बहुतेक ठिकाणी हरकत नसते पण शाईचं पेन, रंग, चारकोल चालत नाही, कारण शाईचा एक थेंब उडाला तर तो निघत नाही. फोटो काढायचे नियम तर दालनागणिक वेगळे असतात, म्युझियमच्या कायमच्या संग्रहात काढू देतील आणि फोटोंच्या प्रदर्शनात कॉपीराइटमुळे नाही म्हणतील. दारातच विचारून घे.

दोन्हींपैकी आधी काय? मी मुलांना आधी फोटोंच्या प्रदर्शनात नेते. बरेच जण उलट करतात, फोटो पटकन बघून होतात म्हणून शेवटी ठेवतात, आणि तिथंच गडबड होते. फोटो ओळखायला सोपा असतो, म्हातारा दिसला, रस्ता दिसला, झाड दिसलं की डोळा म्हणतो कळलं आणि पुढं सरकतो. दमलेला डोळा तर अजूनच लवकर सरकतो. म्हणून ताज्या डोळ्याने आधी फोटो, मग जेवणानंतर म्युझियममधल्या मोजून तीन वस्तू, आणि निघायच्या आधी अर्धा तास परत फोटोंकडे. हा परत जाण्याचा अर्धा तास काहीही झालं तरी सोडू नकोस, त्याचं कारण पुढं सांगते.

फोटोंच्या दालनात शिरल्यावर अंधुक वाटेल. छायाचित्रं आणि कागदावरची कामं उजेडाने खराब होतात म्हणून तिथला उजेड साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवायची पद्धत आहे, तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत चालतं. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळे जुळवून घ्यायला पाचेक मिनिटं लागतात, तेवढ्यात काहीच बघू नको, दालनाच्या मध्यावर उभा राहून भिंती बघ. कुठला फोटो मोठा केलाय, कुठे दोन फोटोंमध्ये जास्त जागा सोडलीय, कुठे एकच फोटो अख्ख्या भिंतीवर एकटा टांगलाय. हे सगळं क्युरेटरने, म्हणजे प्रदर्शन मांडणाऱ्याने, ठरवून केलेलं असतं. मग लेबलं न वाचता एक चक्कर मार, सलग, कुठेही न थांबता. फक्त ज्या फोटोपाशी पाय आपोआप अडखळला त्याची जागा लक्षात ठेव. त्यातले दोन निवड, आणि जमलं तर एक असा निवड जो तुला अजिबात आवडला नाही.

आता तुझ्या त्या वाक्याकडे येते, की फोटोत सगळं दिसतंच. मोबाइलवर दिसतं. मोबाइलवर सगळे फोटो एकाच मापाचे असतात, एकाच काचेमागे असतात आणि त्यांना मागून उजेड असतो. भिंतीवर असतो तो कागद असतो, किंवा पत्रा. त्याला पृष्ठभाग आहे, जाडी आहे, वय आहे. समोरून बघून झालं की एका बाजूला सरक आणि तिरकं बघ. जुना सिल्व्हर जिलेटिन प्रिंट (चांदीच्या क्षारांच्या कागदावरचा काळा-पांढरा फोटो) असेल तर कडेच्या काळ्या भागांवर निळसर, आरशासारखी चमक दिसेल, ती कागदातली चांदी वर्षानुवर्षांत वर आल्यामुळे येते. त्याहून जुना अल्ब्युमेन प्रिंट असेल तर त्याचा पांढरा भाग पिवळा पडलेला दिसेल, त्यात अंड्याचा पांढरा बलक वापरलेला असतो, ती पद्धत १८५० साली आली आणि पुढची चाळीसेक वर्षं जगभर चालली. आणि नशिबाने डॅगरोटाइप, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पद्धतीचा फोटो, बघायला मिळाला तर त्याच्यासमोर डोकं हळूहळू डावी-उजवीकडे हलवून बघ. चांदीचा थर दिलेला तांब्याचा पत्रा असतो तो, आरशासारखा, एका कोनातून चेहरा दिसतो, दुसऱ्या कोनातून तोच निगेटिव्ह होतो, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं, आणि तिसऱ्या कोनातून तुझा स्वतःचा चेहरा दिसतो. हे कुठल्याही छापील पुस्तकात किंवा स्क्रीनवर येऊ शकत नाही, त्यासाठी जावंच लागतं.

माझी एक विद्यार्थिनी होती, तुझ्यासारखीच, फोटोत काय बघायचं म्हणणारी. तिला मी एकोणिसाव्या शतकातल्या एका स्टुडिओ पोर्ट्रेटसमोर बसवलं, कोणीतरी अनोळखी गृहस्थ, उभे, एक हात खुर्चीच्या पाठीवर, मागे रंगवलेला पडदा. म्हटलं पोस्टकार्डाएवढं स्केच कर, चेहरा सोडून सगळं काढ. पहिली दहा मिनिटं ती वैतागलेलीच होती. मग पायांपाशी आली आणि थांबली, मला हाक मारून म्हणाली की मॅडम, यांच्या बुटांच्या मागे अजून काहीतरी आहे, पायासारखं. बघितलं तर खरंच, डाव्या बुटामागे लोखंडी स्टँडचा पाय दिसत होता. त्या काळी एक्स्पोजर, म्हणजे फोटो उमटायला उजेड आत घ्यायचा वेळ, लांब असायचं, माणूस हलू नये म्हणून मागून लोखंडी स्टँड लावून त्याच्या चिमट्यात डोकं धरून ठेवायचे, तो लपवायचा प्रयत्न असायचा पण पाया कधीकधी दिसून जायचा. तिला तो स्टँड कळल्यावर अख्खा फोटो बदलला, ती ताठ मान, ते रोखलेले डोळे, ज्याला ती करारी स्वभाव समजत होती त्यातला काही भाग लोखंडाचा होता. मग तिने खुर्चीवरचा हात परत बघितला, तो किंचित पुसट होता, हलला होता. डोकं धरलेलं, हात मोकळा. तिच्या रिपोर्टची चारही पानं तिथूनच निघाली. आणि लक्षात घे, चेहरा काढला असता तर हे सापडलंच नसतं.

तर फोटोसमोर पहिला प्रश्न विचारायचा तो वेळेचा. यात किती वेळ साठलाय? निएप्स या फ्रेंच संशोधकाचा १८२६-२७ मधला खिडकीतून घेतलेला फोटो, टिकलेल्यांत सगळ्यात जुना मानतात तो, त्यात समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन आहे, कारण प्लेट इतका वेळ उघडी होती की सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला. डॅगरोटाइप ज्याच्या नावावरून ओळखला जातो त्या डॅगेरने १८३८ मध्ये खिडकीतून पॅरिसचा एक वर्दळीचा रस्ता टिपला, त्यात रस्ता ओसाड दिसतो, चालणारी माणसं आणि गाड्या काही मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये उमटल्याच नाहीत, फक्त कोपऱ्यात एक माणूस बूट पॉलिश करून घ्यायला थांबला होता तो तेवढा राहिला. पेंटरच्या डोळ्याने बघ हे. तू लाइफ क्लासमध्ये तीन तास एका मॉडेलसमोर बसतोस तेव्हा तुझ्याही चित्रात सावली सकाळची आणि हायलाइट दुपारचा असं होत असतं, नाही का?

दुसरा प्रश्न चौकटीचा, काय आत घेतलं आणि काय कापलं. चारही कडांवरून सावकाश नजर फिरव, मधे बघूच नको. कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच फोटोग्राफर क्रॉप न करण्याबद्दल, म्हणजे फोटोच्या कडा नंतर न कापण्याबद्दल, प्रसिद्ध, पण त्याचा तो डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा १९३२ चा फोटो त्याने कुंपणाच्या फटीतून काढला होता आणि तो क्रॉप केलेला आहे. डोरोथिया लँगने १९३६ मध्ये काढलेला स्थलांतरित आईचा फोटो तू नक्की पाहिला असशील, दोन मुलं पाठमोरी आणि आईचा हात गालाशी. त्याच ठिकाणचे लँगने बरेच फोटो घेतले, लांबून, तंबू दिसतोय असे, आणि जवळ जवळ जात हा शेवटचा. पुढे मूळ निगेटिव्हमध्ये उजव्या खालच्या कोपऱ्यातला तंबूचा खांब धरलेला अंगठा रिटच करून पुसण्यात आला, नीट बघितलं तर त्याचा पुसट अवशेष दिसतो. म्हणजे "सगळं दिसतंच" असं आपण म्हणतो त्यात प्रत्येक कडेला कुणीतरी निर्णय घेतलेला असतो, तू कॅन्व्हासवर घेतोस तसाच.

तिसरा मापाचा आणि प्रिंटचा. लेबलवर दोन सालं असतील तर पहिलं फोटो काढल्याचं आणि दुसरं प्रिंट काढल्याचं, हे आवर्जून बघ. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोत एका गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो घेतला आणि पुढची कित्येक वर्षं त्याच निगेटिव्हवरून प्रिंट काढत राहिला, सुरुवातीच्या प्रिंट्समध्ये आकाश फिकट, ढगांसकट, आणि नंतरच्यांमध्ये जवळजवळ काळंभोर. निगेटिव्ह एकच, पण बघणाऱ्याला मिळणारी रात्र वेगळी. तू टोनचा, म्हणजे गडद-फिकट छटांचा, अभ्यास करतोयस तर हे तुझ्याच कामाचं आहे, प्रत्येक फोटोसमोर शोध की सगळ्यात काळा भाग कुठे, सगळ्यात पांढरा कुठे, आणि ते दोघं एकमेकांच्या किती जवळ आहेत. स्केचबुकमध्ये काड्यापेटीएवढा चौकोन काढून तीनच टोनमध्ये तो फोटो मांड. दोन मिनिटांचं काम आहे आणि रचनेचा सांगाडा लगेच हातात येतो.

माप तर हाताने मोज. हात नाही लावायचा अर्थातच, हवेत वीत धरून. तळहाताएवढा फोटो असेल तर तुला त्याच्याकडे वाकावं लागतं, एका वेळी एकच माणूस बघू शकतो, ती एक खाजगी गोष्ट होते. दोन मीटरचा असेल तर तू मागे सरकतोस. शरीर काय करतंय ते लिहून ठेव, मी वाकलो, मी मागे आलो. रिपोर्टमध्ये असं वाक्य लिहायला मुलं लाजतात, पण वाचणाऱ्याला त्यातूनच कळतं की तू तिथं होतास.

इथवरचं थोडक्यात: आधी दालन बघ, मग दोन फोटो निवड, प्रत्येकासमोर निदान वीस मिनिटं, आणि वेळ, चौकट, प्रिंट या क्रमाने बघ. लेबल सगळ्यात शेवटी. लेबल आधी वाचलं की आपण फक्त लेबलात लिहिलेलं शोधत बसतो.

वीस मिनिटं खूप वाटतील. सहाव्या-सातव्या मिनिटाला कंटाळा येतो, प्रत्येकाला येतो, आणि मला इतक्या वर्षांनी अजूनही येतो. तिथून उठायचं नाही. हार्वर्डमध्ये कलेचा इतिहास शिकवणाऱ्या जेनिफर रॉबर्ट्स विद्यार्थ्यांना एकाच चित्रासमोर तीन तास बसायला लावतात. त्यांनी स्वतः कॉप्ली या अमेरिकन चित्रकाराच्या १७६५ मधल्या एका चित्रासमोर हे केलं, पाळलेली खार साखळीने धरलेल्या मुलाचं चित्र आहे, आणि मुलाच्या कानाचा आकार खारीच्या पोटावरच्या केसांच्या कडेशी जुळतो हे दिसायला त्यांना नऊ मिनिटं लागली. जिचा हा विषय आहे तिला नऊ मिनिटं. मग तू ४८ सेकंदांत काही दिसलं नाही म्हणून स्वतःला दोष का देतोस?

आता म्युझियम. तिथं तीनच वस्तू, आणि त्या फोटोंनी तुझ्या डोक्यात घातलेल्या प्रश्नांवरून निवडायच्या. धर की फोटोंमध्ये तुला हालचाल अडकली. मग म्युझियममध्ये जिथं कुठे धावणारा, नाचणारा, उडणारा आकार असेल तिथं जा, मग ते चित्र असो, मूर्ती असो, भांड्यावरची नक्षी असो. जेरिको या फ्रेंच चित्रकाराने १८२१ मध्ये इंग्लंडमधल्या एप्समच्या घोड्यांच्या शर्यतीचं चित्र काढलं, पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये आहे, त्यात घोडे चारही पाय पुढे-मागे ताणून हवेत तरंगताहेत. १८७८ मध्ये मायब्रिज या फोटोग्राफरने ओळीने १२ कॅमेरे लावून धावत्या घोडीचे फोटो घेतले तेव्हा कळलं की चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असतात तेव्हा, ताणलेले असताना नाही. जेरिको चुकला म्हणायचं का? माझं मत विचारशील तर नाही, त्याने वेग रंगवला, मायब्रिजने क्षण दाखवले, आणि जेरिकोच्या चित्रासमोर मला आजही वारा जास्त लागतो. तुझं मत वेगळं असेल तर फारच छान, रिपोर्टमध्ये त्यावरून माझ्याशी भांड. देगा या फ्रेंच चित्रकाराने मायब्रिजचे घोडे अभ्यासले आणि घोडा रंगवायची त्याची पद्धतही बदलली.

किंवा तुला चेहरे अडकले असतील तर तीन पोर्ट्रेट्स बघ आणि प्रत्येकाची नजर कुठे आहे, हात काय करतात ते काढ. किंवा रंगवलेले फोटो, आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात चित्रकार छायाचित्रांवर जाड रंग चढवायचे, कधीकधी इतका की खालचा फोटो फक्त चेहऱ्यापुरता उरायचा. असा एखादा दिसला तर त्याच्यासमोरच बस, पेंटरसाठी याहून चांगली वस्तू नाही, कुठे कॅमेरा संपतो आणि कुठे ब्रश सुरू होतो ती सीमारेषा शोधत रहा. तैलचित्र असेल तर तेही तिरकं बघ, रंगाचा थर कुठे जाड आहे, कुठे कॅन्व्हासचा दोरा दिसतोय, कुठे खालून आधीची रेषा डोकावतेय. बाकीची दालनं चालता चालता दिसतील तेवढी बघ, त्याचं वाईट वाटून घेऊ नको.

मग परत फोटोंकडे. सकाळचे तेच दोन फोटो. कारण दिवसभरात तू मूर्तीभोवती फिरलास, रंगाचा थर बघितलास, आणि आता तोच फोटो तुला वेगळा दिसेल, बहुतेक वेळा जास्त सपाट दिसतो किंवा एकदम जास्त खोल. मुलांची सगळ्यात चांगली वाक्यं मी याच अर्ध्या तासात लिहिलेली पाहिलीत. ती तिथंच उभ्याने लिही, घरी जाऊन लिहीन असं म्हणून ठेवू नको.

मोबाइलचं म्हणशील तर घेऊन जा, पण परवानगी असेल तिथं दिवसभरात दहाच फोटो, फ्लॅश बंद, आणि प्रत्येक फोटो एखाद्या बारीक भागाचा. बुटामागचा तो लोखंडी पाय, कॅन्व्हासचा कोपरा, असं. शिवाय लेबलांचे हवे तेवढे, ते मोजू नको.

रिपोर्टमध्ये म्युझियमची स्थापना, इमारत वगैरे दोन ओळींत संपव, ती माहिती सरांना असतेच. पहिलं पान एका फोटोचं वर्णन, आणि त्यात सुंदर, अप्रतिम, भावपूर्ण हे शब्द वापरायचे नाहीत, फक्त काय कुठे आहे आणि उजेड कुठून येतो. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे, दोनदा-तीनदा लिहावं लागेल. मग तुला वीस मिनिटांत काय काय कुठल्या क्रमाने दिसत गेलं. मग म्युझियममधली एक वस्तू जी त्याच्याशी बोलते किंवा भांडते. शेवटी संध्याकाळी परत बघितल्यावर काय बदललं. नावडलेल्या फोटोबद्दल काही सुचलं असेल तर तेही घाल, का आवडला नाही याचं नेमकं कारण शोधणं कौतुक करण्यापेक्षा जास्त शिकवतं. स्केचेस जशी आहेत तशी लाव, फेअर करू नको, त्यातल्या खोडलेल्या रेषांवरूनच मला तरी कळतं की मूल कुठे थांबून बघत होतं.

सामान म्हणशील तर एचबी आणि ४बी अशा दोन पेन्सिली, डबीवाला शार्पनर म्हणजे भुसा दालनात पडणार नाही, खिशात मावेल एवढं जाड पुठ्ठ्याचं स्केचबुक, कारण बऱ्याचदा उभ्यानेच काढावं लागतं. मोठी बॅग दारात ठेवून घेतात. घड्याळ मनगटावर घाल, वेळ बघायला मोबाइल काढलास की मेसेजही बघितले जातात आणि वीस मिनिटं तिथंच मोडतात.